म्हादई कुठे संपते आणि मांडवी कुठून सुरू होते?

म्हापसा येथील एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवणाऱ्या शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नववीच्या विद्यार्थ्यांकडून म्हादई नदीचा वर्गाच्या भिंतीवर लावण्याजोगा मोठा नकाशा करून घ्यायचा आहे, परंतु नदीची लांबी एका ठिकाणी ७७ किलोमीटर मिळते तर दुसऱ्या ठिकाणी १११. ज्या लेखनात ७७ दिली आहे त्यातच कर्नाटकात २९ आणि गोव्यात ५२ अशी विभागणी येते, आणि तिची बेरीज ८१ होते. उगम कुणी देगावला दाखवतो, कुणी कणकुंबीला. समुद्राकडे याच नदीला मांडवी म्हणतात, पण म्हादईची मांडवी कोणत्या गावापाशी होते, हे मात्र कुणीच ठामपणे सांगत नाही. यांतले खरे काय, आणि मुलांना नदी दाखवायला कुठे न्यावे?

मी सत्तरी तालुक्यातल्या वाळपईचा रहिवासी आहे. पाणी मोजण्याच्या नोकरीत माझी २८ वर्षे गेली आणि त्यांतील बहुतेक वर्षे याच नदीच्या काठी, पुलाच्या खांबावर रंगवलेली पातळीची पट्टी वाचण्यात आणि पात्र ओलांडून प्रवाहाचा वेग टिपण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो की आपल्याला मिळालेले आकडे सगळे चुकीचे नाहीत, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. आपली खरी अडचण लांबीची नाही. आपण नदीला दोन टोके असलेली रेषा समजून नकाशा आखायला बसला आहात, आणि म्हादई तशा रेषेत बसत नाही. वरच्या टोकाला ती अनेक ठिकाणी सुरू होते आणि खालच्या बाजूला दिवसातून दोनदा उलटी वाहते. हे दोन्ही मान्य केले की नकाशा आखणे सोपे होते.

आधी लांबीचे पाहू, कारण ते लवकर आटोपते. या नदीच्या पाण्यावरून राज्यांत झालेला वाद ऐकणाऱ्या महादायी जलतंटा लवादापुढे जी लांबी मांडली गेली ती १११ किलोमीटर आहे, त्यांतील ३५ कर्नाटकात आणि ७६ गोव्यात. ७७ चा आकडा कमी का, याची दोन कारणे संभवतात. एक म्हणजे वळणे किती बारकाईने मोजली. लहान प्रमाणाच्या नकाशावर सोनाळ-सावर्डे भागातील वेलांट्या सरळ होऊन जातात, मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर त्याच वेलांट्या कित्येक किलोमीटरांची भर घालतात. दुसरे म्हणजे मोजणी कुठे थांबवली, पणजीच्या धक्क्यावर की आग्वादच्या भूशिराबाहेर. बेरीज न जुळणारी विभागणी तर दोन निरनिराळ्या मोजण्या एकत्र चिकटवल्याची खूण आहे, ती वापरू नका. मी आपल्या जागी असतो तर १११ किलोमीटर लिहिले असते, शेजारी तो आकडा कोणाचा हे लिहिले असते, आणि मुलांना दोऱ्याने नकाशावरची नदी मोजायला लावून त्यांचा स्वतःचा आकडा त्याखाली लिहायला सांगितले असते.

परंतु लांबीपेक्षा महत्त्वाचा आकडा खोऱ्याचा आहे, आणि तो नकाशावर ठळक असावा असा माझा आग्रह राहील. म्हादईच्या खोऱ्याचे क्षेत्रफळ २,०३२ चौरस किलोमीटर आहे. त्यांतील ३७५ कर्नाटकात, ७७ महाराष्ट्रात आणि १,५८० गोव्यात येतात. गोव्याचे एकूण क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर असल्याने राज्याची चाळीस टक्क्यांहून अधिक भूमी आपले पाणी या एका नदीला देते. लवादाने या खोऱ्याचे वार्षिक पाणी ७५ टक्के विश्वासार्हतेने, म्हणजे चारांपैकी तीन वर्षे निदान एवढे मिळेल या हिशेबाने, १८८.०६ टीएमसी धरले. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २.८३ कोटी घनमीटर. हे पाणी साऱ्या खोऱ्यावर सारखे पसरले तर त्याची उंची सुमारे २.६ मीटर भरते, वर्गाच्या दाराहून उंच. हा भागाकार मुलांकडून फळ्यावर करून घ्या. जमिनीत मुरलेले, झाडांनी घेतलेले आणि वाफ होऊन गेलेले वगळून उरलेले पाणी एवढे आहे, हे त्यांनी स्वतः काढले तर पाऊस या शब्दाला त्यांच्या मनात वजन येईल.

आता उगम. पुस्तकी उत्तर असे की बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलात, देगावच्या परिसरात सुमारे ३० झऱ्यांचा एक समूह आहे आणि तेथे म्हादई सुरू होते. हे उत्तर योग्य आहे, कारण मुख्य प्रवाह त्याच बाजूने येतो. कणकुंबीचे नाव येते ते कळसा ओहोळामुळे. कळसा ही म्हादईची उपनदी आहे, उगम नव्हे. तसाच नेरसे गावाकडचा बंडुरा आणि चोर्ल्याच्या बाजूचा सुर्ला नाला. मात्र कणकुंबीला नकाशावरून वगळू नका, कारण या नदीचा भूगोल समजावून सांगण्यासाठी त्या एका गावासारखी दुसरी जागा नाही.

कणकुंबीच्या माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते. समुद्रसपाटीपासून ही उंची ७९० मीटरच्या आसपास आहे. तेथे पडलेला पावसाचा थेंब पूर्वेकडे वळला तर मलप्रभेबरोबर ३०४ किलोमीटर जाऊन बागलकोट जिल्ह्यातील कूडलसंगम येथे कृष्णेला मिळतो आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोहोचतो. तोच थेंब थोडा पश्चिमेला पडला तर कळशातून म्हादईत येतो आणि अरबी समुद्राला मिळतो, जो तेथून सरळ रेषेत ५० किलोमीटरच्या आतबाहेर आहे. उंची दोघांनाही तेवढीच उतरायची असते, अंतर मात्र एकाला कमी आणि दुसऱ्याला कितीतरी पट अधिक. पश्चिमेकडचे पाणी त्यामुळे वेगाने, खडक कापत, दरीत कोसळत उतरते आणि दरवर्षी आपला माथा कणाकणाने पूर्वेकडे सरकवते. पूर्वेकडचे पाणी संथ, उथळ पात्रातून जाते. घाटमाथ्यावर उभे राहून दोन्ही बाजू पाहिल्या की पुस्तकातला जलविभाजक हा शब्द पायाखाली येतो. मी प्रथम तेथे गेलो तेव्हा उंच कड्यावर काही रेघ दिसेल अशी माझी अपेक्षा होती, आणि दिसले ते जवळजवळ सपाट, गवताळ, भातशेतीचे पठार. एवढ्या साध्या जमिनीवर दोन समुद्रांची वाटणी होते, हे मला आजही नवलाचे वाटते.

खडकाविषयी थोडक्यात सांगतो. सत्तरीच्या ईशान्य टोकाला, सुर्ला आणि चोर्ला भागात, दख्खनचा काळा बेसाल्ट गोव्यात शिरतो, म्हणून तेथील डोंगरमाथे सपाट आणि कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. त्याखाली आणि नैर्ऋत्येकडे कितीतरी जुने, दाबाने व उष्णतेने बदललेले खडक आहेत, ज्यांत डिचोलीकडच्या पट्ट्यात लोहखनिज सापडते. माथ्यांवर बहुतेक ठिकाणी जांभ्या दगडाचे सडे आहेत. जांभा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात पाणी पितो आणि खालच्या चिकणमातीच्या थरावर ते अडले की कडेने झऱ्याच्या रूपाने सोडतो. पाऊस चार महिन्यांत पडून जातो, तरीही म्हादई मे महिन्यात वाहती असते ती या झऱ्यांमुळे आणि त्यांच्यावर छाया धरणाऱ्या जंगलामुळे. भीमगड अभयारण्य १९० चौरस किलोमीटरचे आहे आणि गोव्याच्या बाजूचे म्हादई अभयारण्य, १९९९ साली घोषित झालेले, २०८ चौरस किलोमीटरचे. नकाशावर ही दोन्ही हिरव्या रंगात एकमेकांना चिकटून दाखवा. मध्ये राज्याची सीमा आहे, पण झाडांना ती ठाऊक नाही, आणि दोन्ही बाजूंच्या गावांतली माणसेही एकमेकांशी मराठी-कोकणीत बोलतात.

घाट उतरून नदी सत्तरीत आली की तिचा स्वभाव बदलतो. उस्ते, सोनाळ, सावर्डे या गावांवरून ती येते तेव्हा तिच्यात एकाआड एक दोन प्रकारची पात्रे दिसतात. एक उथळ, गोट्यांचे, खळाळणारे, आणि त्यानंतर खोल, शांत, हिरव्या पाण्याचा कोंड. खळाळात पाण्याला प्राणवायू मिळतो आणि कोंडात उन्हाळाभर मासे तग धरतात. खडकाळ जागी पात्रात रांजणखळगे आहेत. भोवऱ्यात सापडलेले गोटे वर्षानुवर्षे गरगरत राहून खडकाला रांजणासारखे पोखरतात. पावसाळ्यात याच पट्ट्यात तराफ्यांतून जलसफरी चालतात, हे आपल्या विद्यार्थ्यांना बहुधा ठाऊक असेल. काठावर शेरणीची चिवट झुडपे असतात. ती पुरात आडवी पडतात आणि पूर ओसरला की पुन्हा उभी राहतात. काठ धरून ठेवण्याचे जे काम ती झुडपे करतात, ते सिमेंटच्या भिंतीला इतक्या वर्षांत जमलेले मी पाहिलेले नाही.

या मधल्या पट्ट्यात मला मिळालेला सर्वांत मोठा धडा एका जुलैतला आहे. सोनाळच्या अलीकडे आम्ही तिघे प्रवाहमापक घेऊन पात्रातल्या एका खडकावर उतरलो होतो. वाळपईत त्या सकाळी पाऊस नव्हता, थोडे ऊनही पडले होते, आणि आदल्या दिवसापेक्षा पाणी उतरले होते. काम अर्ध्यावर आले असताना पाण्याचा रंग बदलला. हिरवट पाण्याला आधी राखाडी आणि मग गढूळ तांबूस छटा आली, आणि त्याबरोबर सुकी पाने, काटक्या व फेसाचे पुंजके वाहत येऊ लागले. त्याचा अर्थ ओळखायला मला चार-पाच मिनिटे अधिक लागली, ती लागायला नको होती. आम्ही काठाला लागलो तेव्हा पाणी कमरेला होते, आणि अर्ध्या तासाने तो खडक दिसेनासा झाला. पाऊस चोर्ल्याच्या माथ्यावर पडला होता. आपल्या डोक्यावरचे आकाश पाहून या नदीत उतरू नये, वरच्या डोंगराचे आकाश पाहावे, असे सत्तरीतील वयस्कर माणसे सांगतात. मी ते ऐकले होते, पण त्या दिवशी समजले. आपण मुलांना घेऊन येणार आहात म्हणून हे विस्ताराने लिहिले. जून ते ऑक्टोबर या काळात त्यांना पात्रात उतरू देऊ नये, पाणी घोट्याएवढे दिसले तरीही.

उपनद्यांची नावे नकाशात काठानुसार लावा. नदीच्या वाहण्याच्या दिशेला तोंड करून उभे राहिलो तर डाव्या हाताला मोलेच्या जंगलांकडून येणारी रगाडा आणि पुढे खांडेपार. ३१० मीटर उंचीचा दूधसागर धबधबा या खांडेपारच्याच वरच्या प्रवाहावर आहे आणि पणजीच्या नळाला येणारे पाणी तिच्यावरच्या ओपा प्रकल्पातून येते. उजव्या हाताला साखळीवरून येणारी वाळवंटी, डिचोलीची नदी, आणि आपल्या गावाजवळून वाहणारी म्हापसा नदी, जी ब्रिटोनापाशी मांडवीला मिळते. आपल्या विद्यार्थ्यांना म्हादई दूरची वाटत असेल, तर त्यांच्याच गावचा पाऊस याच खोऱ्यात पडतो हे प्रथम दाखवा.

आता आपल्या प्रश्नाचा जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तिकडे येतो. म्हादईची मांडवी कुठे होते? नावाच्या अंगाने याचे उत्तर मिळत नाही. घाटावर तिला महादायी म्हणतात, सत्तरीत म्हादई, आणि आमोण्यापासून खाली सगळेच मांडवी म्हणतात. मधल्या उसगावच्या बाजूला मी दोन्ही नावे एकाच घरात ऐकली आहेत, आजीच्या तोंडी म्हादई आणि नातवाच्या तोंडी मांडवी. जुन्या मराठीत मांडवी म्हणजे जकात घेण्याचे ठिकाण. हे नाव खालच्या बाजूच्या बंदरावरून आणि व्यापारावरून आले असावे असे मानतात, आणि ते मला पटते. म्हादई हे नाव मात्र सत्तरीत देवीचे आहे. नावेत उभ्या असलेल्या देवीची जुनी पाषाणशिल्पे या खोऱ्यातल्या गावांत आढळतात. म्हणजे वरच्या भागात नदीला आईचे नाव मिळाले आणि खालच्या भागात बाजाराचे.

पाण्याच्या अंगाने पाहिले तर उत्तर स्पष्ट आहे. समुद्राची भरती मांडवीच्या मुखातून आत शिरते आणि सुमारे ५० किलोमीटर वर, गांजे गावाच्या परिसरापर्यंत पोहोचते. त्याच्या वर नदी फक्त एका दिशेला वाहते. त्याच्या खाली ती दिवसातून दोनदा थांबते, मागे वळते आणि पुन्हा समुद्राकडे निघते. माझ्या दृष्टीने म्हादई आणि मांडवी यांची सीमा ही आहे. मोजणीच्या कामातही हीच सीमा धरावी लागते, कारण जिथे भरती पोहोचते तिथे पातळीच्या पट्टीवरून नदीतले पाणी किती हे काढता येत नाही. पट्टी वर चढलेली दिसते, पण ते चढणे डोंगरातल्या पावसाचे की समुद्राचे, हे पट्टी सांगत नाही.

भरती इतकी आत का येते, याचे कारण फार जुने आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग भरात असताना, समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती आणि किनारा कितीतरी पश्चिमेला होता. त्या काळात नदीने आपली दरी खोल कापली. पुढे बर्फ वितळले, समुद्र चढला आणि त्या दरीत शिरला. आजची मांडवी ही एक बुडालेली दरी आहे. दिवाडी आणि चोडण ही बेटे म्हणजे त्या दरीतल्या टेकड्यांचे वर राहिलेले माथे आणि त्यांच्याभोवती साचत गेलेला गाळ. एका कागदावर नदीचा उभा छेद काढा. घाटात जवळजवळ उभी उतरणारी रेषा सत्तरीत मंद होते आणि गांजेच्या खाली आडवीच होऊन जाते. हा छेद आपल्या नकाशाच्या खाली, त्याच रुंदीत, असावा. सपाट नकाशा जे सांगू शकत नाही ते त्या छेदातून एका नजरेत कळते.

या भरतीची एक गोष्ट प्रथम ऐकणाऱ्याला खरी वाटत नाही. सर्वसाधारण समज असा की भरती आत येता येता हळूहळू क्षीण होत जाईल. पण दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केलेल्या मोजमापांतून दिसले की मुखापासून सुमारे ४० किलोमीटरपर्यंत भरती-ओहोटीची उंची जवळजवळ तशीच टिकते आणि त्यानंतरच्या सुमारे १० किलोमीटरांत झपाट्याने मावळते. तळाच्या घर्षणाने लाट खचते हे खरे, पण पात्र वरच्या दिशेला निमुळते होत जाते आणि तेच पाणी अरुंद जागेत शिरल्याने लाट उंचावते. दोन्ही गोष्टी एकमेकींना तोलतात. शेवटच्या टप्प्यात मात्र तळ चढू लागतो आणि वरून येणारे गोडे पाणी तिला मागे लोटते, तेव्हा तो तोल टिकत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पणजीला पाणी दोन मीटरांहून थोडे अधिक चढते-उतरते. तेच चढणे गांजेच्या बाजूला पोहोचायला, माझ्या नोंदींप्रमाणे, दोन तासांच्या आसपास उशीर लागतो.

येथे दोन गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मी लपवणार नाही. पहिली, ही सीमा वर्षभर एका जागी नसते. जुलै-ऑगस्टमध्ये नदीला पूर असला की भरती खाली ढकलली जाते आणि पणजीपर्यंत वरचे पाणी गोडे असते. एप्रिल-मे महिन्यांत वरचा प्रवाह उरतोच थोडा, आणि खारे पाणी कितीतरी आत चढते. दुसरी, जिथे वसंत बंधारा घालून फळ्या लावल्या आहेत तिथे भरती बंधाऱ्याशीच अडते, म्हणून फळ्या काढलेल्या असताना आणि लावलेल्या असताना दोन वेगवेगळ्या जागा दिसतील. भरतीची सीमा आणि खारटपणाची सीमा याही वेगळ्या आहेत. पाण्याची पातळी हलते तिथपर्यंत मीठ पोहोचतेच असे नाही, आणि बहुतेक दिवस पोहोचत नाही.

आतापर्यंतचे सार एवढेच की वर पश्चिम उताराचा वेगवान डोंगरी प्रवाह, मध्ये सत्तरीतील कोंड-खळाळांची नदी आणि खाली बुडालेल्या दरीतील भरतीची मांडवी, असे तीन भाग धरावेत, आणि भिंतीवरच्या नकाशाला तीन रंग त्या तीन भागांनी द्यावेत, तालुक्यांनी नव्हे.

खालच्या भागात दाखवण्यासारखे पुष्कळ आहे. मांडवीला जुवारीशी जोडणारा, सुमारे १५ किलोमीटर लांबीचा कुंभारजुव्याचा कालवा दाखवा. पावसाळ्यात आग्वादपाशी वाळूचा बांध धोक्याचा होतो तेव्हा खनिजाच्या बार्जी याच वाटेने जात असत, आणि मगरीही तिथेच राहतात. खाजन शेती मात्र अवश्य दाखवा. भरतीच्या पातळीहूनही खाली असलेली ही शेते बांधांनी राखलेली असतात आणि बांधातल्या मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात व ओहोटीला आपोआप उघडतात. तिथे खारे सोसणारे कोरगुट भात होते. शेकडो वर्षांपूर्वी ज्यांनी ही दारे बसवली त्यांना भरतीचे गणित शाळेत न जाता येत होते. आपल्या विद्यार्थ्यांनी ती दारे मिटताना एकदा तरी पाहावीत.

आपण विचारलेले नाही, तरी नकाशा लावल्यावर मुले पाणी वळवण्याच्या कळसा-बंडुरा योजनेविषयी विचारतीलच, म्हणून लिहितो. २०१० साली नेमलेल्या लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये दिलेल्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिले. त्यांतील ३.९ टीएमसी, म्हणजे कळशाचे १.७२ आणि बंडुराचे २.१८, खोऱ्याबाहेर मलप्रभेत वळवण्यासाठी आहे. १८८ मधले ३.९ म्हणजे जेमतेम दोन टक्के, असे म्हटले जाते, आणि भागाकार बरोबर आहे. पण पाणी मोजणारा माणूस म्हणून मला हा भागाकार अपुरा वाटतो. १८८ हे साऱ्या खोऱ्याचे आणि साऱ्या वर्षाचे पाणी आहे, आणि त्यांतले बहुतेक चार महिन्यांत समुद्राला मिळून जाते. वळवायचे पाणी दोन ओहोळांचे आहे. त्या ओहोळांच्या खालच्या कोंडांत किती उरते आणि उन्हाळ्यात मिठाची सीमा किती वर सरकते, हे वार्षिक टक्केवारी सांगत नाही. मलप्रभेकाठच्या माणसांची तहानही खोटी नाही, हे मी तिकडे जाऊन पाहिले आहे. मुलांना दोन्ही सांगा, आणि कणकुंबीचे ते सपाट पठार दाखवून सांगा, म्हणजे पाणी वळवणे एवढे शक्य का वाटते हेही त्यांना कळेल.

सहलीविषयी. एका दिवसात सारी नदी दाखवण्याचा प्रयत्न करू नका. डिसेंबर किंवा जानेवारीत दोन वेगळे दिवस ठेवा. पहिल्या दिवशी चोर्ला घाटातून दऱ्या दाखवा आणि परतताना सोनाळच्या बाजूला नदीवर थांबा. अभयारण्याच्या हद्दीत जायचे असल्यास वनखात्याची परवानगी आधी घ्यावी लागते. सोनाळपाशी उथळ पाण्यात प्रवाह मोजता येईल. काठावर ३० मीटर अंतर आखा, वरच्या टोकाला नारळाचे सुके सोडण पाण्यात सोडा आणि खालच्या टोकाला ते किती सेकंदांत येते ते घड्याळावर पाहा. त्यातून जो वेग निघेल त्याला ०.८५ ने गुणा, कारण पृष्ठभागावरचे पाणी खालच्यापेक्षा जलद असते. पात्राची रुंदी आणि काठीने चार-पाच ठिकाणी मोजलेल्या खोलीची सरासरी यांनी त्या वेगाला गुणले की सेकंदाला किती घनमीटर पाणी जाते ते मिळते. उत्तर दहा-पंधरा टक्क्यांनी चुकेल, तरी चालेल. तीन वेळा करून सरासरी घ्या.

दुसरा दिवस अमावास्येनंतरचा एक-दोन दिवसांतला निवडा आणि पणजीच्या भरतीची वेळ आधी पाहून ठेवा. सकाळी उसगाव-गांजेच्या पट्ट्यात जाऊन स्थानिक माणसाला सुरक्षित उतार विचारा, बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला थांबा, आणि पाण्याच्या कडेला सेंटिमीटरच्या खुणा केलेली काठी रोवा. दर १५ मिनिटांनी एका मुलाने आकडा वाचावा आणि दुसऱ्याने लिहावा, निदान तीन तास. आकाश निरभ्र असेल, वर कुठे पाऊस नसेल, आणि तरी पाणी काठीवर चढू लागेल. जिथे ते चढताना दिसेल तिथे खालची मांडवी आहे. दुसरा गट दोन-तीन किलोमीटर वर बसवता आला आणि त्यांची काठी हलली नाही, तर सीमा त्या दोन काठ्यांच्या मध्ये कुठेतरी आहे. नकाशावर तेथे रेघ मारू नका. दोन काठ्यांमधला तेवढा पट्टा दोन्ही रंग मिसळून रंगवा आणि शेजारी त्या दिवसाची तारीख व तिथी लिहा. पुढच्या वर्षीच्या वर्गाला मे महिन्यात तोच प्रयोग करता आला तर त्यांचा पट्टा कुठे येतो, हे मला अवश्य कळवा. माझ्या वह्यांत उन्हाळ्याच्या त्या नोंदी थोड्याच आहेत.